दुपारची वही

३ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. इथे आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि त्याच्याबद्दलचं तिचं बोलणंही आहे तसंच आहे. तुझे 'एक्स-रे' मजेत आहेत. इतक्या वर्षांत तू माझ्या नवऱ्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाहीस, त्यामुळे आता घरात मी आणि आईही तसंच म्हणतो. ते ऐकतात आणि चहा मागतात.

ईमेल सोडून पत्र का, असं विचारशील. मागच्या महिन्यात तुझ्या वाढदिवसाला मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्याला उत्तर आलं, 'आपला संदेश सरांपर्यंत पोहोचवण्यात आला आहे.' तुझ्या सेक्रेटरीबाई फार कामसू दिसतात. मला मात्र माझ्या भावाशी त्यांच्यामार्फत बोलायची हौस नाही. म्हणून हे पाकीट, वर 'खासगी' असं लाल शाईत लिहिलेलं.

तर कामाचं आधी. नव्या संस्थेच्या संचालकपदासाठी निवड समितीला तुझ्या सगळ्या प्रकाशित लेखांची यादी हवी आहे, प्रत्येक लेखाला किती सायटेशन मिळाली त्याच्या आकड्यासह, आणि जिथे ते मुख्य काम झालं त्या हॉस्पिटलच्या ग्रंथालयाच्या शिक्क्यासह. म्हणजे माझ्या शिक्क्यासह. एवढ्या मोठ्या डॉक्टरांचं भवितव्य माझ्या टेबलाच्या डाव्या खणात पडून आहे, हे मी दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं.

यादी तयार आहे. एकूण लेख चौसष्ट. सायटेशन पाच हजार दोनशे तीस. आईने विचारलं, हे सायटेशन म्हणजे काय? मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांनी आपल्या लेखात तुझ्या मुलाच्या लेखाचा दाखला दिला, की एक सायटेशन. ती म्हणाली, 'म्हणजे पाच हजार लोक याचं नाव घेतात आणि हा मला आठवड्यातून एकदा फोन करतो.' मी हे फक्त कळवतेय, माझी त्यात काही भर नाही.

आता गंमत अशी, की त्यातली एक हजार चारशे बारा सायटेशन एकट्या त्या श्वासांच्या लेखाची आहेत. तुझा पहिला मोठा लेख, एकोणीस वर्षांपूर्वीचा. कॅज्युअल्टीच्या दारात आलेल्या प्रत्येक माणसाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. चोवीस किंवा जास्त भरले तर बाकी काही न विचारता आत घ्या, कमी भरले तर बाकावर बसवलं तरी चालेल. त्याआधी सगळीकडे नर्स नुसती नजर टाकून 'वीस' लिहून मोकळ्या व्हायच्या, हे तूच तेव्हा जेवताना तावातावाने सांगायचास. बाकीच्या त्रेसष्टांतला एकही लेख याच्या पासंगाला पुरत नाही, रागावू नकोस.

समितीला नुसता आकडा पुरे आहे. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. चौदाशे बारा माणसं एका लेखाचं नाव घेतात, तर ही आहेत तरी कोण, असं मनात आलं आणि मी एकेक उघडून बघायला लागले. दादा, काय काय माणसं आहेत! एका बेटावरचा एकुलता एक डॉक्टर आहे, त्याच्याकडे एकच पलंग आहे आणि तो कोणाला द्यायचा हे तो तुझ्या चोवीसने ठरवतो. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाचं एक पुस्तक आहे. एका गुरांच्या डॉक्टरने वासरांवर तुझा नियम लावून पाहिला आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं, की वासरं मोजू देत नाहीत. एक्स-रे हे वाचून इतके हसले, की त्यांचेच श्वास मोजायची वेळ आली. मी मोजले. अठरा.

तो लेख उघडला की ते दिवस आठवतात. असो.

आणखी एक किरकोळ गोष्ट. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातून एका मुलीचं पत्र आलं आहे. डॉक्टर आहे, संशोधन करते. तुझ्या त्या लेखाच्या मूळ नोंदवह्या ग्रंथालयात आहेत का, असं विचारते. फार अदबीने लिहिलंय. तिला काय कळवू?

आईचे आशीर्वाद. वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी


१२ जुलै

प्रिय दादा,

शनिवारी फोन केलास, बरं वाटलं. आई दोन दिवस सगळ्यांना सांगत होती, की तू स्वतःहून केलास. चार मिनिटांत तू तिचा गुडघा, माझी यादी आणि त्या मुलीचं पत्र असं सगळं उरकलंस, याचंही मला कौतुक वाटलं.

तू म्हणालास, जुन्या नोंदवह्या दहा वर्षांनी रद्दीत काढायचा नियम आहे, तेव्हा त्या गेल्या असं तिला कळवून टाक. ते ठीक होतं. मग फोन ठेवता ठेवता म्हणालास, 'आणि ती दुपारची वही असलीच कुठे, तर त्यात डोकं घालू नकोस.' मी 'बरं' म्हटलं. माझ्या 'बरं'चा अर्थ तुला लहानपणापासून माहीत आहे.

मी मागच्या पत्रात वह्या म्हटलं होतं. दुपारची असं काही म्हटलंच नव्हतं. म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या कोठीत गेले.

वह्या रद्दीत गेलेल्या नाहीत. अकरा वर्षांपूर्वी कॅज्युअल्टी नव्या इमारतीत हलली, तेव्हा त्यांचे सगळे जुने कागद आमच्याकडे आले आणि मीच ते फळीवर लावले होते. तेव्हा उघडले नव्हते. उघडायचं नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. सकाळच्या दोन वह्या निळ्या पुठ्ठ्याच्या आहेत, दुपारची एक, लाल. वरची धूळ झटकताना मला एवढ्या शिंका आल्या, की शेजारच्या बाइंडरने दार उघडून 'मॅडम, जिवंत आहात ना?' असं विचारलं.

सकाळच्या वह्या तुझ्या हाताच्या आहेत. सात अजून तसाच शेपटीवाला. सतरा, बावीस, एकोणीस, तेवीस, तीस, एकवीस, असे कसेही आलेले आकडे. एके ठिकाणी खोडून 'खोकला आला, पुन्हा मोजले' असं लिहिलंयस. सातशे चौसष्ट माणसं आहेत त्यात, आणि प्रत्येकासमोर त्याचं पुढे काय झालं तेही लिहिलंय. वाचताना मला तू दिसत होतास, हातात ते स्टीलचं स्टॉपवॉच, आणि पेशंट संकोचून श्वास रोखायला लागला की त्याला हवापाण्याबद्दल विचारायचास.

लाल वहीत चारशे छत्तीस माणसं आहेत. अक्षर नीटनेटकं, शाळकरी, एक खाडाखोड नाही. पहिल्या दोन पानांवर सतरा आहे, एकोणीस आहे, पंचवीस आहे. तिसऱ्या पानापासून शेवटपर्यंत अठरा, वीस, बावीस, चोवीस, अठरा, सव्वीस, वीस. एकही विषम आकडा नाही. मी दोनदा पाहिलं. बोट ठेवून पाहिलं. एकही नाही.

त्या मुलीने वह्या का मागितल्या ते मला मग कळलं. तिचं पत्र पुन्हा वाचलं. तिने लिहिलंय, की लेखात छापलेल्या आलेखात सम आकड्यांचे खांब उंच आहेत आणि मधले विषम आकड्यांचे बुटके. सगळे श्वास पूर्ण मिनिट मोजले असतील तर असं होऊ नये. काही नोंदी अर्ध्या मिनिटाच्या करून दुप्पट केल्या असतील का, एवढीच तिला शंका आहे. 'माझी समजूत चुकीची असल्यास क्षमस्व.' तिची समजूत चुकीची नाही. अर्ध्या मिनिटात कितीही मोजा, दुप्पट केलं की सम आकडाच येणार. एकोणीस वर्षं आणि चौदाशे बारा माणसं, आणि खांबांची उंची बघावी असं या एकाच पोरीला वाटलं.

तू म्हणशील, अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं? मलाही तेच वाटलं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीत जाऊन बसले. ग्रंथालयातली बाई तिथे काय करते, असं कोणी विचारलं नाही. हातात फाइल असली की कोणी विचारत नाही. दारात भिंतीवर तुझा नियम पाटीवर लावलाय, अक्षरं वीतभर. खाली एक शिकाऊ मुलगी घड्याळ घेऊन बसते आणि अगदी मन लावून पूर्ण मिनिट मोजते.

अकराच्या सुमारास एक सुतार आला, पन्नाशीचा, शर्टावर अजून भुसा. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाला. मुलीने मोजले, बावीस. बाकावर बसवलं. नियमाप्रमाणेच केलं, तिची काही चूक नाही. मी त्याच्या शेजारीच होते. तो मला लाकडाला वाळवी लागली की ओळखायची कशी ते सांगत होता आणि सांगता सांगता वाक्याच्या मधेच थांबायला लागला. तेवढ्यात इनचार्ज सिस्टर तिकडून चालल्या होत्या. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि स्ट्रेचर मागवलं. पाच मिनिटांत आत त्याला ऑक्सिजन लागला होता. फुप्फुसात रक्ताची गाठ होती, असं नंतर कळलं. वाचला. काल वॉर्डात जाऊन भेटून आले, वाळवीचं उरलेलंही ऐकून आले.

मी सिस्टरना विचारलं, बावीस असताना तुम्ही त्याला आत कसं घेतलंत? त्या म्हणाल्या, 'पाटीवर चोवीस आहे हो, पण माझे पाय बावीसलाच उचलतात. सव्वीस वर्षं हेच बघतेय. लेख लिहिणाऱ्यांना सांगणार कोण?'

मी त्यांना सांगितलं नाही, की लेख लिहिणाऱ्याची बहीण समोर उभी आहे.

यादी आणि प्रमाणपत्र महिनाअखेरीपर्यंत जायला हवं, लक्षात आहे. आकडे पुन्हा एकदा तपासते आणि पाठवते. त्या मुलीला अजून काही कळवलेलं नाही.

आईवरही मी घरी श्वास मोजायचा सराव केला. ती म्हणाली, 'मी अजून आहे, एवढं कळलं ना? मग पुरे.'

तुझी,
धाकटी


२१ जुलै

प्रिय दादा,

नमस्कार. मागच्या पत्राला उत्तर नाही, फोनही नाही. तुझी गडबड असेल. गडबड नसेलही.

मागच्या पत्रात मी वहीचं अक्षर नीटनेटकं आणि शाळकरी आहे असं लिहिलं, पण कोणाचं ते लिहिलं नाही. तू वाचताना हसला असशील, किंवा नसशीलही. अक्षर माझं आहे. आता सगळं सरळ लिहिते, नाहीतर पुन्हा 'असो' म्हणून पुढे जाईन.

तुझ्यासारखं डॉक्टर व्हायचं म्हणून मी प्रवेशपरीक्षा दिली आणि दुसऱ्यांदाही आपटले, त्या वर्षाची ही गोष्ट. मी घरात तोंड पाडून बसायचे आणि आई माझ्याभोवती पावलं न वाजवता फिरायची. तेव्हा तू म्हणालास, चल, दुपारी मला माणूस हवाय. कॅज्युअल्टीच्या दारात मला स्टूल दिलंस, लाल वही दिलीस, दुसरं स्टॉपवॉच आणलंस. नियम शिकवलास. पूर्ण मिनिट. मधे खोकला तर पुन्हा पहिल्यापासून. मला फार बरं वाटलं होतं, दादा. पहिले चार दिवस मी अगदी तू सांगितलंस तसंच केलं.

पाचव्या दिवशी समोरच्या एक्स-रेच्या खोलीत नवा तंत्रज्ञ आला.

आता पुढचं तुला सांगायला नको, तू लग्नात होतास. पण तेव्हा परिस्थिती अशी होती, की तो दर थोड्या वेळाने ओल्या फिल्म्स चिमट्यात धरून दाराशी यायचा, उजेडाकडे धरून बघायचा आणि आत जायचा. पूर्ण मिनिट पेशंटच्या छातीकडे बघत बसायचं तर त्या दाराकडे बघायला वेळ कुठून आणायचा? अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं की अर्धं मिनिट माझं. मला वाटलं, गणित तर तेच आहे. तीस सेकंदांत अकरा, म्हणजे साठात बावीस. यात फसवणूक कुठे आहे? असं मी स्वतःला सांगितलं आणि तिसऱ्या पानापासून शेवटपर्यंत तेच केलं.

गणित तेच नव्हतं. हे मला गेल्या आठवड्यात कळलं, चाळिसाव्या वर्षी, स्वयंपाकघरात एक्स-रेंना समोर बसवून. मला आठवलं, की मी घड्याळ सुरू करताना पहिल्या श्वासालाच 'एक' म्हणायचे. खरं तर तिथे शून्य म्हणायला हवं, कारण मोजणी तिथून सुरू होते. म्हणजे दर वेळी एक श्वास जास्त. पूर्ण मिनिटाला एकाचीच चूक झाली असती. मी अर्ध्या मिनिटाचं दुप्पट करायचे, त्यामुळे चूकही दुप्पट व्हायची. दोन श्वास जास्त. ज्याचे खरे बावीस, तो माझ्या वहीत चोवीस.

मी लाल वही बाजूला ठेवून फक्त तुझ्या सकाळच्या वह्या आमच्या हॉस्पिटलच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईंकडे नेल्या. कोणाच्या, कशाच्या, ते सांगितलं नाही. कुठल्या आकड्यापासून माणसं गंभीर व्हायला लागतात ते काढून द्या म्हटलं. त्यांनी दोन दिवसांनी कागद दिला. बावीस.

मी म्हटलं, नक्की? त्या म्हणाल्या, 'आकडे मी बनवत नाही, फक्त विचारते. विचारलं आणि त्यांनी सांगितलं.'

दादा, तुझं मोजणं बरोबर होतं. तुझी कल्पना बरोबर होती. चोवीस हा आकडा माझा आहे. आणि तो बेटावरचा डॉक्टर, ते अग्निशमन दल, आपल्याच दारातली ती शिकाऊ मुलगी, सगळे पूर्ण मिनिट नीट मोजून बावीसच्या आणि तेवीसच्या माणसाला बाकावर बसवताहेत. एकोणीस वर्षं. सगळ्यांच्याच समोरून काही आपल्या सिस्टर जात नसतील. मी किती जणांचा हिशेब मनात मांडायला बसते आणि मग तो मला मांडवत नाही. मला फार लाज वाटते आणि मला भीतीही वाटते, हे लिहून टाकते म्हणजे संपलं.

एक्स-रेंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'म्हणजे या गुन्ह्यात मी मुद्देमाल.' मी हसले आणि मग रडले. ते म्हणाले, दादाला लिही, आणि लपवू नकोस, मीही फिल्म दर वेळी उजेडात बघायची गरज नसताना बघायचो.

आता एक प्रश्न, जो मी गेले दहा दिवस दाबून ठेवलाय. तू फोनवर दुपारच्या वहीत डोकं घालू नकोस म्हणालास. का? मी तुला सम-विषमाबद्दल तोवर काही लिहिलं नव्हतं. मलाच काही ठाऊक नव्हतं. एवढ्या नोंदी नजरेखालून घालून तू त्यांचा आलेख काढलास. जेवणातला एक खडा ज्याच्या दाताला चुकत नाही, त्याला चारशे ओळींत एकही विषम आकडा नाही हे दिसलं नसेल? तुला माहीत होतं का?

उत्तर नको देऊस. विचारायचं होतं, विचारलं. संचालकपद तुला मिळावं असं मला मनापासून वाटतं. तू ते कमावलं आहेस, आणि माझ्या एका चुकीपायी ते जावं असं मला वाटत नाही. आईला तर त्याहून वाटत नाही.

सोबत दोन कागद आहेत. पहिलं समितीचं प्रमाणपत्र, सही-शिक्क्यासह. त्यातला प्रत्येक आकडा खरा आहे. चौदाशे बारा जणांनी तुझा दाखला दिला हेही खरंच आहे, ते मी कसं नाकारू?

दुसरा कागद त्या नियतकालिकाला पाठवायचं दुरुस्तीचं निवेदन आहे. मसुदा मीच केलाय. त्यात लिहिलंय, की दुपारच्या बहुतेक नोंदी अर्ध्या मिनिटाच्या दुप्पट होत्या. ही चूक नोंदी घेणाऱ्या व्यक्तीची असून ती लेखकाच्या लक्षात आली नाही. त्या वगळल्यास धोक्याची सुरुवात चोवीसऐवजी बावीसपासून होते. खाली माझं नाव आणि सही आहे. शेजारी तुझ्या सहीसाठी जागा सोडली आहे. 'लक्षात आली नाही' हे मी विचार करून लिहिलंय. मला माहीत नाही, तेव्हा ते माझ्यापुरतं खोटं नाही.

एक तारखेपर्यंत वाट बघेन. तोवर हा कागद परत आला नाही, तर तुझ्या सहीची जागा कापून माझ्याकडची दुसरी प्रत माझ्या एकटीच्या सहीने जाईल. त्या परदेशातल्या मुलीला मी आज कळवलं, की वह्या आहेत आणि तिन्हीच्या प्रती पाठवते आहे. तेवढ्यासाठी तुझी परवानगी मागितली नाही. मागितली असती, तर तू दिली असतीस की नाही याचाच विचार करत बसले असते.

वहिनीला हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

तुझी,
धाकटी


२ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पाकीट परवा संध्याकाळी आलं. आत पत्र नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत फुंकर मारून पाहिलं. नुसता माझा मसुदा, चार घड्या घातलेला. तुझी सही नसेल असं धरून मी तो तसाच टेबलावर ठेवला, चहा केला, आईला गोळी दिली आणि मग उघडला.

सही होती. त्याच्या वर तू एक शब्द खोडला होतास. 'ती लेखकाच्या लक्षात आली नाही' यातल्या 'नाही'वर रेघ मारून 'होती' लिहिलं होतंस. आणि पुढे शेपटीवाल्या सातासारख्याच त्या तिरक्या अक्षरात चारच शब्द, 'तरी त्याने विचारले नाही.'

मी तिथेच स्टुलावर बसले. मी तुला वाचवायला एक शब्द घातला होता आणि तू तोच काढलास. मला तुझा राग यायला हवा होता, एकोणीस वर्षांचा. आला नाही असं नाही. पण त्याच्याआधी दुसरंच काहीतरी आलं आणि मी ते चार शब्द बोट ठेवून पुन्हा वाचले.

सकाळी वहिनीचा फोन आला. तू निवेदनाची एक प्रत स्वतः जाऊन समितीच्या अध्यक्षांच्या हातात दिलीस, असं तिने सांगितलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि 'कळवतो' एवढंच सांगितलं. घरी आल्यावर तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास, असंही ती म्हणाली. काय होईल ते तिला माहीत नाही, तुलाही नसेल.

मला मात्र आता नवी चौकशी लागून राहिली आहे, त्याला तू काय करणार! तुला कोणत्या दिवशी दिसलं? वही तू रोज संध्याकाळी घ्यायचास. तिसऱ्या पानावरच दिसलं असेल का? आणि दिसल्यावर तू मान वर करून दाराकडे पाहिलंस, तेव्हा मी काय करत होते? माझा एक अंदाज आहे. त्या वर्षात मी पहिल्यांदाच हसत होते, आणि ते तुला दिसलं. किंवा हे सगळं मी माझ्या सोयीने ठरवतेय आणि तुला फक्त चोवीसचा आकडा फार देखणा आलेला दिसला. दोन्ही असू शकतं. आणखी अंदाज मी करणार नाही, त्यात माझा हात किती वाईट आहे ते आता जगजाहीर होणार आहे. खरं काय ते तूच सांग, कधीही, फोनवर नको, इथे येऊन सांग.

आईला सगळं सांगितलं. तिला सम-विषम कळलं नाही आणि सायटेशन तर ती विसरलीच होती. तिने सुताराचं मात्र पुन्हा सांगायला लावलं आणि तो बरा आहे ना, हे दोनदा विचारलं. मग म्हणाली, 'चूक दोघांची, आणि दोघांनी सही केली?' मी हो म्हटलं. तिने तो कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि खालची दोन नावं पाठोपाठ वाचली, मोठ्याने, आपण शाळेत असताना निकाल वाचायची तशी.

आज सकाळी पोस्ट उघडताच मी तो रजिस्टर करून पाठवला. पावती जपून ठेवली आहे. आतापर्यंत चौसष्ट लेखांत माझं नाव कुठेही नव्हतं, आणि मला ते कधी हवंसं वाटलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खरं नव्हतं.

तुझी धाकटी,
आणि या एका पानापुरती, तुझी सहलेखिका